बांध वं पोरी, पट्टा

दारात चपला काढायच्या, पायानेच चाचपून त्या भिंतीशी नीट लावायच्या, डाव्या हाताची बाही दंडापर्यंत दुमडायची, आणि खुर्चीत टेकण्याआधीच तो हात समोर धरून म्हणायचं, "बांध वं पोरी, पट्टा."

काकांचं हे येणं मी शंभरेक वेळा तरी पाहिलं असेल. आमच्या प्रयोगशाळेत दुसरं कुणीही चपला काढत नसे. सर तर चिखलाच्या बुटांनी आत यायचे आणि मलाच विचारायचे की फरशी अशी का आहे. पण काकांचा नियम पक्का होता. "जिथं मशीन चालू आहे तिथं चपला नाही घालत जी." तुमच्याही पाहण्यात असा माणूस आला असेल, जो आपल्याकडे पाहुणा म्हणून येतो आणि पंधरा दिवसांत आपणच त्याच्याकडे पाहुणे असल्यासारखे वागायला लागतो. महिनाभरात मी चपला काढायला लागले होते.

पट्टा कसला, ते आधी सांगते. मी तेव्हा नागपुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात प्रोजेक्ट असिस्टंट होते. म्हणजे कोड लिहिणं, वायरींचा गुंता सोडवणं, सरांचा चष्मा शोधणं आणि झेरॉक्सवाल्याशी भांडणं, ही चारही खाती माझ्याकडे. सरांना असा कॉम्प्युटर बनवायचा होता ज्याला समोर बसलेल्या माणसाची अवस्था कळेल. बोटाला चिमटा, दंडाला बीपीचा पट्टा, छातीला दोन चिकटपट्ट्या. नाडी पळायला लागली, बीपी चढलं, की कॉम्प्युटरने ओळखायचं की हा माणूस गांगरला. मग त्याने शहाण्यासारखं वागायचं. फालतू माहिती झाकायची, कामाची तेवढी मोठ्या अक्षरांत दाखवायची, आणि फारच झालं तर पडदाभर लिहायचं: "थोडं थांबा. पाणी प्या."

सर पुण्याकडचे. ते म्हणायचे, "आजवर माणसाने यंत्राचा मूड सांभाळला. आता यंत्राने माणसाचा सांभाळायचा." हे वाक्य त्यांना इतकं आवडायचं की ते बोलताना त्यांचीच नाडी वाढायची. मला माहीत आहे, कारण मी मोजली होती.

हा कॉम्प्युटर पुढेमागे वीज केंद्रांच्या कंट्रोल रूममध्ये लागावा असं सरांचं स्वप्न होतं, म्हणून तिथे काम केलेली माणसं हवी होती. पेपरात छोटी जाहिरात दिली. चार जण आले. पहिला नोकरी मागायला आला होता. दुसऱ्याला घरचा कॉम्प्युटर दुरुस्त करून हवा होता. तिसरा फोन आला म्हणून बाहेर गेला तो गेलाच. चौथे काका.

खापरखेड्याच्या वीज केंद्रात चौतीस वर्षं पॅनलवर बसलेला माणूस. रिटायर झाल्यावर कॉलनीतलं क्वार्टर सोडून सक्करदऱ्याला घर केलेलं, तिथून बसने यायचे. उंच, ताठ, फुल बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. आमच्या कोपऱ्यातल्या स्टँडवर वर्कशॉपचा एक खाकी कोट टांगलेला असे आणि त्याच्यावरच्या खुंटीला पिवळं हेल्मेट. काका आत आले, त्यांनी आधी त्या कोटाला हात जोडून "जय भीम, साहेब" म्हटलं, मग सरांना म्हटलं, मग मला. आम्ही पोट धरून हसलो. रिटायर माणूस इतका गमत्या असतो, हे पाहून बरं वाटलं. पुढे रोज आले की पहिला नमस्कार कोटालाच असायचा.

त्या दिवशी मी त्यांचा फॉर्म भरून घेतला. वय, औषधं, झोप. एक रकाना दृष्टीचा होता. मी की-बोर्डवर मान खाली घालून विचारलं, "काका, स्क्रीन दिसते ना?"

"तू बोल, मी ऐकून राहिलो," काका म्हणाले.

मी 'सामान्य'समोर बरोबरची खूण केली. ती खूण तेवढी लक्षात ठेवा.

प्रयोग साधा होता. पडद्यावर एक खोटं वीज केंद्र. सगळे दिवे हिरवे. मग एक लाल होणार, मग चार, मग सगळे लखलखायला लागणार, आकडे सैरावैरा धावणार. आवाज नव्हता, कारण शेजारच्या विभागाने आमच्या भोंग्याची दोनदा लेखी तक्रार केली होती. आणि हात हलला की सिग्नल बिघडतो, म्हणून समोर बसलेल्याने कशालाही हात लावायचा नाही, फक्त पाहायचं. तिसऱ्या वर्षाची मुलं बसवली तर एकाची नाडी पहिल्या लाल दिव्यालाच उड्या मारायला लागली. एका मुलीने खुर्चीच मागे ढकलली. मी स्वतः तो प्रोग्राम लिहिला होता, तरी माझं बीपी चढायचं.

काका बसले. सगळे दिवे लाल झाले. काकांच्या नाडीची रेघ सक्करदऱ्याच्या तलावासारखी संथ. मी लखलखाट दुप्पट केला. काही नाही. पडदाभर 'बॉयलर फुटणार' असं लिहिलं. काही नाही. शेवटी मी हट्टाला पेटले आणि पडद्याच्या कोपऱ्यातून एकदम अंगावर येणारी पाल टाकली. मागे उभे असलेले सर किंचाळले. काकांनी मान वळवून विचारलं, "झालं का? चहा होऊन जाऊ द्या मंग."

"तुम्ही ध्यान वगैरे करता का?" सरांनी फार आदराने विचारलं.

"कायचं ध्यान जी? मी त बसून राहिलो."

सर त्यांच्या प्रेमातच पडले. हे खरं ऑपरेटरचं काळीज, म्हणाले. चौतीस वर्षांच्या तपाने असं होतं. आणि त्यांनी ठरवून टाकलं की काकांची रेघ हेच आपल्या कॉम्प्युटरचं शून्य. शांत माणूस म्हणजे काय, हे आपलं यंत्र काकांकडून शिकेल आणि बाकी सगळ्यांना त्यावरून मोजेल. मी लगेच त्यांची फाईल तशी बसवून टाकली.

काकांची आणखी एक सवय होती. प्रयोग संपला, पट्टा सुटला, तरी ते खुर्चीतून उठायचे नाहीत. पहिल्या दिवशी मी वायरी गुंडाळून जेवायला निघून गेले, तासाभराने आले, तर काका तिथेच.

"काका, गेला नाहीत?"

"रिलिव्हर नाही आला ना वं. खुर्ची रिकामी टाकून कसा जाऊ?"

कंट्रोल रूममध्ये म्हणे असंच असतं. पुढच्या शिफ्टचा माणूस समोर येऊन चार्ज घेत नाही तोवर आधीच्याने उठायचं नाही. लग्न असो, ताप असो, बायको फाटकाशी उभी असो. त्यानंतर रोज संध्याकाळी मी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहायची आणि ते मला चार्ज द्यायचे. "चिमटा ढिला झाला, त्याले पाहून घे. पंखा आवाज करून राहिला. साहेब दुपारपासून चिडून आहे, त्यायच्या नादी लागू नको. तीन वाजता चहा झाला. घे चार्ज."

"घेतला, काका."

मग ते उठायचे आणि मी बसायची. बसायलाच लागायचं, नुसतं तोंडाने म्हटलेलं चालायचं नाही.

यथावकाश सरांचा प्रयोग बघायला सहा बडे पाहुणे आले. सरांनी नवा शर्ट घातला होता. पहिले पाहुणे खुर्चीत बसले, मी पट्टा बांधला, आणि एकही दिवा लाल व्हायच्या आत पडद्यावर आलं: "थोडं थांबा. पाणी प्या." ते हसले, पाणी प्यायले. पुन्हा तेच. दुसरे बसले, पुन्हा तेच. कॉम्प्युटरला सहाच्या सहा पाहुणे भयंकर घाबरलेले दिसत होते. पाहुणे सभ्य होते, ते पाणी पीत राहिले. चौथ्यांनी विचारलं, "खरंच इतकं आहे का हो माझं?" पाचव्यांनी घरी फोन लावला. सहावे पट्टा सुटताच स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारून गेले.

सरांनी त्या संध्याकाळी फार विचार केला. यंत्रावर शंका घ्यायची हे त्यांच्या मनातही आलं नाही, आणि माझ्याही नाही. पाहुणेच मुळात भित्रे, असं आमचं ठरलं. शिवाय, सर म्हणाले, आपल्याकडे पाहून विश्वास वाटत नाही, वजन पडत नाही. पुढच्या खेपेला सगळ्यांनी पांढरे ॲप्रन घालायचे.

ॲप्रन आले. माझा गुडघ्याच्या खाली जात होता. दुसऱ्या दिवशी काका आले, चपला काढल्या, कोटाला जय भीम केला, बाही दुमडली, हात पुढे केला. "बांध वं पोरी..."

मी पट्टा घेऊन अगदी जवळ गेले. काकांनी मान माझ्याकडे वळवली आणि हात मागे घेतला.

मी हसत हसत हात ओढून पट्टा बांधला. आणि ती तलावासारखी रेघ उठली. चढली. चढतच गेली. काकांच्याच शून्यावर बसलेला कॉम्प्युटर काकांनाच सांगायला लागला, थोडं थांबा, पाणी प्या. सर टाळ्या पिटत ओरडले, "आली! प्रतिक्रिया आली!" मग त्यांचं काकांच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं. कपाळावर घाम, ओठ पांढरे.

"ते पांढरं काढ वं पोरी," काका म्हणाले. "पहिले ते पांढरं काढ."

मी ॲप्रन काढून लांब फेकला. सरांनीही काढला. चहा मागवला. अर्धा कप पोटात गेल्यावर काका बोलायला लागले, आणि चौतीस वर्षांत कधी कुणाला सांगितलं नसेल अशा आवाजात बोलले.

त्यांना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. ऑपरेशनला तीनदा दवाखान्यात गेले. तीनदा पांढऱ्या कपड्यातलं कुणी पट्टा घेऊन जवळ आलं की यांचं बीपी असं चढायचं की डॉक्टर म्हणायचे, आज नाही, पुढची तारीख घ्या. घरी गोळ्या घेऊन ठीक, दवाखान्याच्या पायरीवर ठीक, पांढऱ्या कपड्यातलं कुणी पट्टा घेऊन आलं की संपलं.

"घरी काय सांगितलं?" मी विचारलं.

"सांगितलं, दवाखान्यातलं मशीन बंद होतं. तीनही वेळा." काका खाली मान घालून हसले. "अख्खं युनिट ट्रिप होऊन बंद पडलं तरी हात नाही थरथरला माझा. आता हा माणूस हातभर पट्ट्याले भेते, असं कसं सांगू तुझ्या काकूले? म्हणून इथं आलो. तुम्ही रोज पट्टा बांधता असं जाहिरातीत होतं. म्हटलं, सवय होऊन जाईल."

ऑपरेशनची चौथी तारीख महिन्याभराने होती. मोतीबिंदू आता फार पिकला, आणखी लांबवलं तर अवघड होईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"आणि तुले खरं सांगू का?" काका म्हणाले. "वर्ष झालं, तुझी काकू मले आवाजानंच मालूम आहे. बोलते लई, त्याची कमी नाही. पण चेहरा नाही दिसत वं. कसा होता तेच आता आठवा लागते."

मला भडभडून आलं. आणि त्याच वेळी डोक्यात काहीतरी टक्कन वाजलं.

"काका, मग आपल्या स्क्रीनवरचे ते लाल दिवे?"

"कोणते लाल दिवे?"

"ती पाल?"

"पाल कुठं आहे?" काकांनी पाय वर घेतले.

सर जमिनीवर बसले. खरोखर, मांडी घालून. दीड महिना आम्ही एका माणसाचं हृदय, बोट, दंड आणि छाती वायरींनी जोडून त्याच्यावर जगातली संकटं सोडत होतो, त्याच्या शांतपणापुढे हात जोडत होतो, आणि एखादा मोठा पांढरा आकार सोडला तर त्याला समोर पांढुरक्या धुक्यापलीकडे काही दिसतच नव्हतं. त्या धुक्याला आम्ही शून्य मानलं होतं, आणि त्यावरून सहा बड्या माणसांना घाबरट ठरवून तांब्याभर पाणी पाजलं होतं. पहिले सर हसले. मग मी. मग काका, कशाला हसायचं ते नीट न कळताच. त्यांच्या बोटाला चिमटा तसाच होता, आणि यंत्राला हसणं आणि घाबरणं यातला फरक अजून कळत नव्हता. ते आपलं परत परत सांगत राहिलं, थोडं थांबा, पाणी प्या.

ती खूण माझी होती. सर मला एका शब्दाने बोलले नाहीत, पण त्या रात्री मला माझी लाज वाटली, अजून वाटते. मी त्यांच्या शरीरातलं सगळं मोजलं आणि एकदा मान वर करून त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं नाही.

भरपाई करायची तर काय करायचं? काका मला एकदा बोलले होते की पॅनलवरचे दिवे नव्या पोट्ट्यांसाठी, जुने ऑपरेटर टर्बाईनच्या आवाजावरच चालतात. "दिव्याच्या आधी आवाज सांगून देते." मी तोच धागा धरला. दिवे गेले खड्ड्यात. मी त्यांच्या नाडीचा आणि बीपीचा आवाज केला. धडधड वाढली की तो आवाज वर चढायचा, चिरका व्हायचा. शांत झाले की खाली, जाडसर, घुंऽऽ असा. पहिल्यांदा ऐकला तेव्हा काकांचा चेहरा असा उजळला, जणू घरचं कुणी स्टेशनवर दिसलं.

"हे त आपलं युनिट आहे वं!"

"तुमचंच आहे, काका. लोड उतरवा."

मग महिनाभर आमच्याकडे जे चाललं ते कुठल्याही अहवालात नाही. सकाळी मी ॲप्रन घालून दारात उभी राहायची. पहिल्या आठवड्यात दारात, दुसऱ्यात टेबलापाशी, तिसऱ्यात पट्टा हातात घेऊन. आवाज चिरकायचा, काका डोळे मिटून लांब श्वास सोडायचे, "उतर बाबा, उतर," असं स्वतःलाच म्हणायचे, आणि आवाज हळूहळू खाली यायचा. सरांनी तर कमालच केली. कुठून तरी स्टेथोस्कोप आणला, ॲप्रन घातला आणि पुणेरी करड्या सुरात गरजले, "आपलं ऑपरेशन आज होऊ शकत नाही!" काका हसता हसता खुर्चीतून घसरले. आवाज छताला भिडला. शेजारच्या विभागाची तिसरी लेखी तक्रार आली.

तारखेच्या दिवशी मी दवाखान्यात गेले. काकू बाहेरच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या, ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या. आत एकालाच सोडत होते, काकांनी मला घेतलं. माझ्या फोनमध्ये आवाजाचा प्रोग्राम, काकांच्या बोटासाठी चिमटा, कानाला इअरफोन, सगळी जय्यत तयारी. सिस्टर आल्या आणि म्हणाल्या, "मोबाईल, वायरी, सगळं बाहेर ठेवा."

मी खूप विनवलं. सिस्टर म्हणाल्या, नियम आहे. महिन्याभराची मेहनत त्या फोनमध्ये होती.

"काहून वं, इतकी घाबरून राहिली?" काका म्हणाले. "मशीन बंद पडलं त ऑपरेटर पळून जाते का?"

आणि त्यांनी डोळे मिटले, आणि स्वतःच घुमायला लागले. घुंऽऽ. अगदी बारीक, नाकातून. सिस्टरने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, असू द्या. सिस्टर पट्टा घेऊन आल्या, पांढऱ्याशुभ्र, पन्नाशीच्या. काकांचा आवाज एकदा वर गेला. मग थांबला. मग खाली आला, आणखी खाली, आणि त्यांनी बाही दुमडून हात पुढे केला.

"बांध वं पोरी, पट्टा."

पोरी म्हटल्यावर सिस्टर हसल्या. पट्टा फुगला, उतरला. सिस्टरने आकडा पाहिला, भुवया उंचावल्या आणि पट्टा पुन्हा फुगवला. त्या अर्ध्या मिनिटात माझ्या मनगटावरचा नाडीचा पट्टा, जो मी कामासाठी कायम घालून असायची आणि आज काढायला विसरले होते, थरथरायला लागला. मी पाहिलं. थोडं थांबा, पाणी प्या.

"थोडं जास्त आहे," सिस्टर म्हणाल्या, "पण चालते. घ्या आत."

मी उडीच मारली. काका मात्र खुर्चीतून हलले नाहीत. सिस्टर म्हणाल्या, "चला ना आजोबा." काकांनी माझ्याकडे तोंड केलं. "चपला दाराशी आहे. घड्याळ काकूजवळ दिलं. तिले सांग, आज मशीन चालू आहे. घे चार्ज."

"घेतला, काका."

ते आत गेले. कुणीतरी मला उठवेपर्यंत मी त्या खुर्चीत बसून होते.

बाहेर येऊन मी काकूंना निरोप सांगितला, आज मशीन चालू आहे. काकूंनी पदराने डोळे पुसले आणि मग माझ्याकडे बघून हसल्या.

"मशीन कधी बंद होतं, बाई? मले मालूम नाही का?" त्या म्हणाल्या. "यायले पेपरातलं अक्षर दिसत नाही. तुमची जाहिरात वाचून कोणं दाखवली असंल? मीच त वाचली, आणि दोनदा वाचली, पट्टा बांधतात तिथंपर्यंत. पण यायले नको सांगू. लई मान आहे यायले."

काका आठवड्याने काळा चष्मा लावून आले. आम्ही सगळे उभे. त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे बघतच राहिले.

"तू इतकी लहान आहेस वं? मी त तुले पन्नाशीची समजत होतो." मग सरांकडे वळले. "साहेब, आवाजावरून केस वाटत होते जी."

मग ते कोपऱ्यातल्या खाकी कोटाकडे वळले. बराच वेळ वळलेलेच राहिले. कोटाची एक बाही फाटकी होती. शेवटी काकांनी हात जोडले, "जय भीम, साहेब," आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "इतकी ओळख झाली, आता कायले तोडायची?"

"काकू दिसल्या का?" मी विचारलं.

"दिसली." काका खुर्चीत बसले, चष्मा पुसत राहिले. "म्हातारी झाली वं. मले सांगितलंच नाही तिनं. मी बोललो तसं, त म्हणते कशी, तुम्ही आरसा पाहा पहिले." ते हसत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. डोळ्यांत थेंब घालून झाले म्हणून पाणी येते, असं त्यांनी आम्हाला दोनदा सांगितलं.

सरांना राहवलं नाही. त्यांनी पट्टा बांधायला लावला आणि जुना प्रयोग पुन्हा सुरू केला. पहिला दिवा लाल झाला तशी काकांची रेघ उसळली. दिवे लखलखले तसे ते म्हणाले, "बाप्पा! हे काय लावून ठेवलं?" पालीला तर त्यांनी चपलेसाठी हात टाकला, आणि चपला दाराशी होत्या. ते अगदी चारचौघांसारखे घाबरले, आणि सरांनी आनंदाने त्यांचं शून्य पुसून टाकायला सांगितलं. पुढच्या खेपेला पाहुण्यांपुढे आम्ही दिवे नाही, आवाज ठेवला. पाहुणे न बिचकता बसले. पाणी फक्त एकाने मागितलं.

जुनी फाईल मी पुसली नाही. नाव बदलून 'धुकं' म्हणून ठेवली आहे.

काका नंतरही येत राहिले, डोळ्याचा आणि पट्ट्याचा काही संबंध उरला नसतानाही. मग त्यांच्या मुलीने दोघांना बिलासपूरला बोलावून घेतलं, कायमचं. सांगायला आले तेव्हा मी माझ्याच मनगटाचा पट्टा कॉम्प्युटरला जोडून आवाज तपासत होते. खोलीत घुंऽऽ चालू होतं. काका सवयीने आपल्या खुर्चीत बसले, चहा घेतला, मुलीच्या घराचं सगळं सांगितलं. काकू बाहेर ऑटोत बसल्या होत्या.

"चिमटा आता चांगला आहे," काका म्हणाले. "पंखा तसाच आहे. साहेब आज खुशीत आहे. चार्ज घे."

मी त्यांच्याजवळ गेले आणि उभीच राहिले. घेतला असं म्हणायचं आणि बसायचं, एवढंच तर होतं. पण मी बसले की ते उठणार होते. मी कप उचलला, परत ठेवला. काहीतरी विचारलं, बिलासपूरला थंडी असते का असं काहीतरी. त्यांनी उत्तर दिलं आणि बसून राहिले. बाहेर ऑटोवाल्याने हॉर्न वाजवला. नियम म्हणजे नियम, रिलिव्हर येईपर्यंत त्यांना उठता येत नव्हतं, आणि मला ते पक्कं ठाऊक होतं. मी तशीच उभी राहिले.

खोलीतला आवाज चढायला लागला. बारीक झाला, चिरका झाला. काकांनी मान तिरपी करून तो ऐकला.

"हा तुझा आवाज आहे का वं?"

मी मान हलवली.

"लई चढला. उतरव," ते म्हणाले. "हळू हळू. मी आहे बसून."

मी लांब श्वास सोडला. एक, दोन, बरेच. आवाज एकदम नाही, पण खाली आला. पुरता खाली नव्हताच आला, तरी मी म्हटलं, "घेतला, काका." ते उठले, मी बसले.

दारात त्यांनी खाली पाहिलं, पायांनी न चाचपता सरळ चपला घातल्या, कोपऱ्याकडे वळून हात जोडले आणि म्हणाले, "येतो साहेब. पोरीवर लक्ष ठेवा."